शोदीच्या नावाची झाडं

खिश्तोब, ९ मार्च २०१८

शोदी,

खुशाली विचारत नाही. अडचणीत असतास तर बापाचा नंबर आठवला असता, म्हणजे खुशालच असशील.

तुझा जुना फोन लागत नाही. एक रशियन बाई काहीतरी पुटपुटते आणि ठेवून देते. मी दोनदा तिला शिव्या दिल्या, मग हिक्मत म्हणाला, बाबा ती मशीन आहे. म्हणून हे पत्र तुराबच्या जावयाबरोबर पाठवतोय. तो समारालाच चाललाय कामाला. त्याला बजावलंय की शोदीच्या हातात द्यायचं, त्याच्या घरात जी कोण बाई असेल तिच्या नाही.

मुद्द्याचं सांगतो. तुझ्या घराच्या भिंती उभ्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात सगळं गाव हशराला, मिळून भिंती घालायला, आलं, तू सोडून सगळे. कोणी चिखल तुडवला, कोणी भिंत चढवली, आणि माझ्या सुनेने, सफरमोने, भलं मोठं पातेलं चढवून सगळ्यांना भाताचा ओश खाऊ घातला. पण वर छप्पर नाही. या हिवाळ्यात बर्फ थेट आत पडला. खिडकीवरची माती सुटायला लागली आहे. आणखी एक हिवाळा या भिंती काढणार नाहीत. मातीच्या भिंतीवर माळवद नसेल तर तिचं परत शेत व्हायला वेळ लागत नाही.

तुळया पाटाच्या कडेला उभ्या आहेत, तुझ्याच वयाच्या. तू जन्मलास त्या वसंतात मी ती पांढऱ्या पॉपलरची ओळ लावली. रोपं विकत आणली नव्हती. माझ्या नावाची झाडं माझ्या बापाने लावली होती. ती तोडली त्यानंतर त्यांच्या मुळांतून कोंब फुटले, त्यातलेच सरळ बघून काढले. पांढऱ्या पॉपलरला पाणी मिळालं की तो कोणाचं ऐकत नाही. तू रांगायला लागलास तेव्हा ते तुझ्या आईच्या खांद्याला लागले होते. तू शाळेत जायला लागलास तोवर त्यांच्या पांढऱ्या सालीवर काळ्या चौकटी उमटल्या होत्या. गाठी पडू नयेत म्हणून दर हिवाळ्यात खालच्या फांद्या मी उतरवायचो आणि तू त्या ओढत घरी न्यायचास. विशीत तुझ्या तुळया तयार झाल्या. तुझ्या लग्नातच तोडायच्या होत्या. तू म्हणालास, "पुढच्या शरदात परत येतो, मग तोडू." असे किती शरद गेले ते तूच मोज.

गावाची रीत तुला माहीत आहे. ज्याच्या नावाची झाडं, पहिला घाव त्याचा. त्याशिवाय कोणी कुऱ्हाड लावत नाही. म्हणून म्हणतो, पानं गळाली की ये. एक घाव घाल आणि जा. राहा म्हणत नाही.

तू म्हणशील, आता घर कशाला, ती माझी बायको राहिली नाही. ऐकलंय मी ते. सगळ्यांनीच ऐकलं. निसोला बापाचा आवाज कानावर पडावा म्हणून सफरमोने फोन स्पीकरवर टाकला होता. तू तीनदा तलाक म्हणालास तेव्हा पोरगी चहा ओतत होती. "आई, बाबा काय म्हणाले?" असं तिने विचारलं. तुझी आई त्याआधी गेली, सुटली बिचारी.

हे घर माझ्यामागे हिक्मतचं. धाकट्याला बापाचं घर आणि मोठ्याला वेगळं, हे काही मी ठरवलेलं नाही. माझे डोळे मिटले की त्याची बायको मलोहत सफरमोची गादी अंगणात आणून ठेवेल. मलोहत वाईट नाही, पण तिचीही पोरं वाढतायत, तिला खोल्या हव्यात. सफरमोला माहेर नाही. ते गाव दरडीखाली गेलं. मग ती निसोला घेऊन कुठे जाणार? मी आहे तोवर तिच्या डोक्यावर छप्पर पडलं पाहिजे. मला दुसरं काही नको.

तब्येत ठणठणीत आहे. पाटावर जाताना थोडा दम लागतो, तो सगळ्यांनाच लागतो.

तुझा बाप,
हकनजर

खिश्तोब, २० जून

शोदी,

तुराबच्या जावयाने निरोप पाठवला, की पत्र तुझ्या हातात दिलं. तू ते खिशात घातलंस आणि विटा उचलायला गेलास. बरं केलंस, विटा महत्त्वाच्या.

तू येत नाहीस, पण तुझी झाडं मात्र घरात यायला लागली आहेत. काल मलोहत हातात पांढरा कोंब घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हे बघा! तंदूरच्या मागून वर आलंय. भावजींना कळवा, स्वतः यायचं नसेल तर मुळं तरी पाठवू नका म्हणावं."

"उपटून टाक."

"एक उपटलं की दोन येतात!"

"मग दोन उपट."

"तुम्हाला सांगायला काय जातं? कंबर माझी मोडते."

सफरमो कोपऱ्यात कणीक मळत होती. ती हळूच म्हणाली, "द्या इकडे जाऊबाई, शेळीला घालते." मलोहतने कोंब तिच्या पुढ्यात टाकला. म्हणजे आदळलाच.

या झाडाची खोडच तशी आहे. मुळं खोल जात नाहीत, वरच्या वर पसरतात. पाटाच्या खालून पलीकडे जातात, आणि जिथे ओल लागेल तिथे डोकं वर काढतात. सफरमोच्या घेवड्याच्या वाफ्यात आले, मशिदीच्या वाटेवर आले, तुझ्या त्या उघड्या घरात तर जमिनीतून भालदार उभे राहिल्यासारखे आलेत. कोवळ्या कोंबाची पानं खालून इतकी मऊ असतात की निसो ती गोळा करून बाहुलीचं पांघरूण करते.

उंच झाडं मात्र बघत राहावीत अशी आहेत. वरून हिरवीगार, आणि वारा आला की अख्खी ओळ पांढरी होते. रस्त्याने जाणारे थांबून विचारतात, हकनजर, कोणाची रे ही झाडं? मी सांगतो, माझ्या मोठ्याची. सुतार पक्षी येतो हल्ली त्यांच्यावर. त्यात काही विशेष नाही, सुतार पक्षी कुठेही येतो.

नोव्हेंबर विसरू नकोस.

बाप

खिश्तोब, २ ऑक्टोबर

शोदी,

तुझा निरोप पोचला. तुराबचा जावई मेव्हण्याच्या लग्नाला आलाय. माझ्यासमोर बसला आणि चहा थंड होईपर्यंत आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"बोल की रे," मी म्हटलं. "माझ्या पोराने काय सांगितलं?"

"काका, मी फक्त सांगतोय हं. तो म्हणाला, झाडं माझी आहेत. कोणी हात लावायचा नाही. लाकूडवाला पाठवतो, सौदा करा आणि पैसे मला पाठवा."

"आणि पोरीबद्दल?"

"पोरीबद्दल काही नाही म्हणाला."

हे त्याने चार लोकांसमोर सांगितलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

तुझा लाकूडवाला परवा येऊन गेला. शहरातला, पोट सुटलेला माणूस. कुऱ्हाडीची पाठ खोडावर आपटत तो एकेका झाडापुढून गेला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, ही लाकडं नाहीत, नगारे आहेत. आतून पोकळ झालीत. दहा वर्षांपूर्वी का नाही बोलावलंत?"

"पान बघ वर! एक तरी पिवळं आहे?"

"पान हिरवं असणारच. पॉपलर सालीवर जगतो. गाभा कुजला तरी त्याला पत्ता नसतो."

मी त्याला हाकलून दिलं. भाव पाडायचे धंदे सगळे. मी जन्मभर या गावाचा पाटकरी होतो, याच झाडांच्या सावलीत बसून सगळ्यांना पाणी वाटलं, मला तो पॉपलर शिकवतोय! बुंध्याशी भूछत्रं येतात हे खरं. ती मी सकाळी पायाने उडवून टाकतो. पण भूछत्रं ओलीमुळे येतात, आणि पाट तर शेजारीच आहे.

सफरमोने विचारलं, "बाबा, लाकूडवाला लगेच का गेला?"

"भाव जमला नाही."

ती जाऊन आपल्या भिंतींवर ताडपत्री बांधायला लागली. वाऱ्याने ती तीनदा उडाली आणि तिने तीनदा बांधली. मी इथून बघत होतो. शोदी, मला तुझा इतका राग आला की छातीत कळ आली. ये बाबा. भांडायला ये, शिव्या द्यायला ये, पण ये.

खिश्तोब, २५ नोव्हेंबर

शोदी,

सांगतोय मी, लिहितेय सफरमो. अक्षर ओळखशील. मला उठून बसता येत नाही म्हणून तिला बसवलंय. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, तुला त्याला लिहायचं नाहीये, मला लिहायचंय, तुझा फक्त हात.

पानं गळाली, तू आला नाहीस. पहिला बर्फ पडला तेव्हा मी वडीलधाऱ्यांना बोलावलं. कुर्बोनकाका म्हणाले, "हकनजर, त्याचा निरोप आम्ही ऐकलाय. झाडं त्याची आहेत. आम्ही कुऱ्हाड लावली तर उद्या येऊन तो आमच्या दारात उभा राहील."

"तो कोणाच्या दारात उभा राहतोय! स्वतःच्या दारात उभा राहिला नाही."

"रीत आहे बाबा."

मग मी निसोला हाक मारली. तिला त्यांच्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "हे रक्त कोणाचं? पहिला घाव ही घालेल."

"मुलगी?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मुलगाच पाहिजे असं कोणी लिहून ठेवलंय? दाखवा मला."

कुर्बोनकाका दाढी कुरवाळत म्हणाले, "बिस्मिल्ला." निसोने कुऱ्हाड धरली, तिच्या हातांवर मी माझे हात ठेवले. साल तेवढी सुटली. पण घाव तो घाव. मग माणसं कामाला लागली. सफरमोने चहा ठेवला होता. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसताना दिसली. हे लिहायचं नाही म्हणतेय, तरी लिही.

पहिलं झाड पडलं आणि त्यातून भुसा बाहेर आला, तांबडा, ओला. बोटभर जाडीचं लाकूड आणि आत ढोली. दुसरं तोडलं, तेही तसंच. तिसऱ्यात तर सुतार पक्ष्याचं घरटं होतं. हिक्मत म्हणाला, बाबा, थांबू या. मी थांबलो नाही. चौथ्याला करवत लावली तेव्हा मी त्याला कान लावून उभा होतो. मला वाटत होतं की याचा तरी आवाज भरीव येतोय. ते मधोमध उभं फाटलं आणि बुंधा मागे माझ्यावर आला.

कमरेचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, जुळेल.

(बाबांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. डॉक्टर असं म्हणाले नाहीत.)

सगळी ओळ आडवी केली. एक तुळई निघाली नाही. सरपणालाही ते लाकूड धड नाही, धुमसतं नुसतं. मी तुझ्यासाठी ती राखली, फांद्या उतरवल्या, कोणाला बोट लावू दिलं नाही, आणि राखता राखता ती आतून संपली. तयार झालेलं झाड तोडायचं असतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, तोडली तर तू येण्याचं कारणच उरणार नाही.

सफरमो रडली नाही. ताडपत्रीच्या दोऱ्या सोडून घडी करून ठेवली. ते बघून मला रडू आलं. आता लिही पोरी, की ही माझी सून नाही, ही माझी—

(हे मी लिहिणार नाही म्हटलं. बाबा म्हणाले, मग ऊठ आणि चहा आण.)

खिश्तोब, १८ जानेवारी २०१९

शोदी,

हे पत्र माझं आहे. बाबा गेले ते हिक्मतने तुम्हाला फोनवर कळवलं, त्याच्याजवळ तुमचा नवा नंबर होता असं आता कळलं. कसे गेले ते त्याने सांगितलं नसेल.

मागचं पत्र पाठवल्यावर बाबा नुसते पडून छताकडे बघायचे. खायला दिलं तर तोंड फिरवायचे. एका सकाळी त्यांनी हिक्मतला बोलावलं.

"या वरच्या तुळया कोणाच्या?"

"घराच्या आहेत बाबा."

"कोणाच्या नावाच्या झाडांच्या?"

"तुमच्या."

"वेळेवर तोडल्या होत्या. वाजवून बघ, खणखणीत आहेत. खाली उतरव आणि सफरमोच्या भिंतींवर चढव."

हिक्मतला वाटलं, तापात बोलतायत. मलोहतने डोक्याला हात लावला. "जिवंत माणसाच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं? लोक आमच्या तोंडात शेण घालतील! आणि ही खोली उद्या आमचीच ना, बाबा?"

"उद्या तुमची. आज माझी."

मीही नको म्हटलं. खरंच म्हटलं. बाबा मला म्हणाले, "तू गप्प बस, तुला कोणी विचारलेलं नाही."

हिक्मतने कुर्बोनकाकांना आणलं. त्यांनी अपशकुन आहे, पाप आहे, सगळं सांगून पाहिलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाडं माझ्या नावाची होती का नाही? मग पहिला घाव माझा. उचला मला." गादीसकट चौघांनी उचललं. बाबा ओरडले नाहीत, पण ओठातून रक्त आलं. त्यांनी हात वर करून कुऱ्हाड तुळईला टेकवली. घाव म्हणावा असा तो नव्हता, धुराची काजळी तेवढी पडली त्यांच्या तोंडावर. मग हिक्मत घराबाहेर गेला, अंगणात खूप वेळ उभा राहिला, आणि शिडी घेऊन आला.

एकाच खोलीपुरत्या तुळया होत्या. माणसांनी भर बर्फात त्या माझ्या भिंतींवर चढवल्या. सर्वांत जड टोक हिक्मतने खांद्यावर घेतलं. वासे टाकले, बोरू अंथरला, गरम पाण्यात माती कालवून माळवद घातलं. बाबांची खोली उघडी पडली होती, म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत त्यांना माझ्याकडे आणलं. ओली माती आठवडाभर ठिबकत होती. "तुझं माळवद माझ्यावर थुंकतंय," असं म्हणायचे. निसो त्यांच्या छातीवर ताटली धरून बसायची.

थोडेच दिवस होते. एका सकाळी शीरचाय मागितली, दोन घोट घेतले, कप मला परत दिला आणि गेले. तुमचं नाव काढलं नाही. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, तुम्ही विचाराल म्हणून लिहिते.

मी हिक्मतला म्हटलं, बाबांना त्यांच्या स्वतःच्या घरी घेऊन जा, जनाजा तिथूनच निघायला हवा. तो हो म्हणणार होता. पण मलोहत अंगणात उभी राहून येणाऱ्या बायकांना सांगत होती, "इकडे नाही, तिकडे जा, सफरमोच्या घरी. बाबा तिथे आहेत." माझ्या घराला घर पहिल्यांदा ती म्हणाली. मग सगळेच म्हणायला लागले. ज्या दारातून बापाचा जनाजा निघतो ते दार बंद करायला कोणी सांगत नाही. आता हिक्मतही सांगणार नाही. तो शोकाच्या रीतीने कमरेला दुपट्टा बांधून, काठीवर वाकून माझ्या दाराशी उभा होता. शेजारी मोठ्या मुलाची जागा सोडली होती. तिथे कोणी उभं राहिलं नाही.

झाडं गेली तरी त्यांची मुळं आहेत. माझ्या जमिनीखाली आहेत, उन्हाळ्यात वर येतीलच. मी उपटत राहीन. शेळीला होतील.

हिक्मत सांगत होता की वसंतात तुम्ही येणार आहात, कबर बघायला, आणि घराचं काय झालं ते बघायला. या. कबर पाटाच्या वर आहे, कोणीही दाखवेल. उतरायचं हिक्मतकडे, मलोहत नीट वागेल. निसोला भेटायचं असेल तर ती पाटावर येईल, तिची इच्छा असली तर.

माझ्या घरात तुम्हाला येता येणार नाही. मी एकटी बाई आहे आणि तुम्ही मला परके आहात. तसं तुम्हीच तीनदा म्हणालात, सगळ्यांनी ऐकलं. बाबा जिथे गेले ती खोली बघावीशी वाटली तर रस्त्यावरून बघता येईल. खिडकीला अजून काच नाही, पडदा आहे. तुम्ही आलात असं कोणी सांगितलं तर मी तो थोडा वेळ बाजूला करून ठेवीन.

सफरमो